जुन्या चित्रपटांतील समलिंगी पात्रे: बदल कसा पाहावा

समलिंगी पात्रांचे चित्रण काळानुसार कसे बदलले, हे समजून घेण्यासाठी शेकडो चित्रपट पाहावे लागत नाहीत; नीट जोड्या लावल्या तर पाच-सहा चित्रपटही पुरतात. दादरला एका मित्राच्या घरी आम्ही काही जण रविवारी दुपारी एकत्र चित्रपट पाहतो. तिथे उपयोगी पडलेली पद्धत येथे मांडत आहे.

सुरुवात एकाच दिग्दर्शकाने दोनदा सांगितलेल्या गोष्टीने करावी. लिलियन हेलमन यांच्या १९३४ च्या नाटकात एका विद्यार्थिनीच्या खोट्या चहाडीमुळे दोन शिक्षिकांवर परस्परांशी संबंध असल्याचा आळ येतो आणि त्यांची शाळा उद्ध्वस्त होते. विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये त्यावर ‘दीज थ्री’ केला, तेव्हा पडद्यावर काय दाखवता येईल हे ठरवणारी हॉलिवूडची हेज संहिता कडकपणे लागू होऊन दोन वर्षे झाली होती. समलिंगी आकर्षणाचा नुसता सूचक उल्लेखही तिला मान्य नव्हता. त्यामुळे आळच बदलला गेला, आणि एक शिक्षिका दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्यात गुंतली आहे, अशी कुजबुज पडद्यावर आली. पुढच्या रविवारी वायलर यांचाच १९६१ चा ‘द चिल्ड्रन्स अवर’ लावावा. त्याच वर्षी संहिता थोडी सैल झाली होती, म्हणून येथे मूळ आळ परत आला आहे. पहिल्या चित्रपटात दोन शिक्षिकांपैकी मार्था झालेल्या मिरियम हॉपकिन्स या दुसऱ्यात मार्थाच्या आत्याच्या भूमिकेत दिसतात. पहिल्यातील नायिका मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मल्या होत्या आणि आपले जन्मस्थान त्या आयुष्यभर लपवत राहिल्या. न बोलल्या गेलेल्या गोष्टींविषयीचा चित्रपट पाहताना मुंबईकराला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस थांबून चर्चा करावी, घाई करू नये. मार्था आपल्या मैत्रिणीवर प्रेम असल्याची कबुली देते आणि त्यानंतर गळफास घेते. प्रेमाचा उच्चार करायला परवानगी मिळाली, पण त्याची किंमत मृत्यूने मोजावी लागली. समीक्षक व्हिटो रुसो यांनी आपल्या पुस्तकाला अशा पात्रांच्या मृत्यूंची यादीच जोडली होती. म्हणून प्रत्येक चित्रपटानंतर वहीत एक ओळ लिहावी: हे पात्र शेवटी जिवंत राहते का?

यानंतर ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) घ्यावा आणि पीटर लॉर यांचे प्रवेश एकदा आवाज बंद करून पाहावेत. सुगंधी कार्ड, हातमोजे, छडी ओठांजवळ नेण्याची लकब: जे बोलायला मनाई होती, ते वस्तूंमधून सांगितले आहे. मराठी प्रेक्षकाला येथे तमाशातील नाच्या आठवेल, परंतु ही तुलना जपून करावी. नाच्या ही स्वतःची परंपरा आणि कसब असलेली भूमिका आहे, आणि पुरुषाचे बायकी हावभाव म्हणजे समलिंगी असणे नव्हे. आपल्या हिंदी चित्रपटांनी नेमकी हीच गल्लत करून वर्षानुवर्षे हशा मिळवला. अशा एका प्रवेशावर आपणही कधी हसलो असू, तर तो पुन्हा पाहावा.

वहीत चित्रपटाच्या वर्षाशेजारी कायद्याचे वर्षही लिहावे. जर्मनीत १९१९ मध्येच ‘डिफरंट फ्रॉम द अदर्स’ या मूकपटाने पुरुषांमधील संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम १७५ विरुद्ध उघड भूमिका घेतली होती; आज त्याचा काही भागच उरला आहे. ब्रिटनच्या ‘व्हिक्टिम’ (१९६१) मध्ये डर्क बोगार्ड यांचा बॅरिस्टर ब्लॅकमेलरांविरुद्ध उभा राहतो आणि जिवंत राहतो. इंग्लंडमधील कायदा १९६७ मध्ये सैल झाला. म्हणजे बदल एका सरळ रेषेत झालेला नाही, आणि हे वर्षे शेजारी मांडल्यावरच कळते. आपल्याकडे कलम ३७७ खालील या गुन्ह्यातून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ चा आहे, हेही लिहून ठेवावे.

मराठीसाठी एक संपूर्ण रविवार राखून ठेवावा. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे १९८१ चे नाटक आधी वाचावे आणि मग त्यांचीच पटकथा असलेला, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) पाहावा. नाटकात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्रा या तरुणीची कहाणी आपल्याला तिच्या बापू या मित्राकडून कळते. ‘उंबरठा’मध्ये सुधारगृहातील दोन स्त्रियांचे नाते संस्थेच्या नजरेतून, एक अडचण म्हणून समोर येते. दोन्हींना एकच प्रश्न विचारावा: या स्त्रियांची गोष्ट कोण सांगत आहे, आणि त्यांना स्वतःला किती वाक्ये मिळाली आहेत? मला हा प्रश्न पात्र चांगले की वाईट, यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. तेंडुलकरांनी त्या काळात हा विषय मराठी रंगभूमीवर आणला याचे मोल मोठे आहे. तरीही मित्राचा शेवट मार्थाच्या शेवटाशेजारी ठेवून पाहावाच.

अखेरच्या रविवारी दीपा मेहतांचा ‘फायर’ (१९९६) लावावा. त्यात राधा आणि सीता स्वतः बोलतात आणि घर सोडून एकत्र येतात. भारतात तो १९९८ मध्ये प्रदर्शित झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला विरोध म्हणून मुंबईतील चित्रपटगृहांत मोडतोड झाली. सेन्सॉर बोर्डाच्या फेरतपासणीनंतर तो पुन्हा प्रदर्शित झाला. त्या दिवशी वयाने मोठ्या मंडळींना आवर्जून बोलवावे, तेव्हा त्यांनी तो पाहिला होता का, की भीतीने टाळला होता, हे त्यांना विचारावे आणि त्यांची उत्तरे वहीच्या त्याच पानावर उतरवून घ्यावीत.