तीच नावपट्टी रोज नव्याने कशाला बनवायची? दाविंची रिझॉल्व्हमध्ये पॉवर बिन असा लावा

गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळाचे व्हिडिओ मी एडिट करतो, दहा दिवस रोज एक, आणि सुरुवातीला रोज रात्री नवीन प्रोजेक्ट उघडून तोच लोगो, तीच खालची नावपट्टी, पथकाचं तेच इंट्रो शोधून परत लावत बसायचो. चार दिवसांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले तर पट्टी प्रत्येकात वेगळ्याच उंचीवर. यावर उपाय मी ज्यात एडिट करतो त्या दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच आहे, तोही फ्री व्हर्जनमध्ये: पॉवर बिन, म्हणजे सगळ्या प्रोजेक्टमध्ये दिसणारा फाइल्सचा एक कप्पा.

सगळ्यात आधी फोल्डर. पॉवर बिनमध्ये फाइल कॉपी होत नाही, ती कुठे आहे एवढंच तिथे लक्षात राहतं, त्यामुळे लोगो, म्युझिक, इंट्रो हे सगळं कॉम्प्युटरच्या एकाच पक्क्या जागी ठेवा आणि त्यानंतर त्या फोल्डरचं नाव, जागा काहीही बदलू नका. मी एकदा पेनड्राइव्हवरूनच लोगो ओढला होता, दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह मंडळात आणि इकडे टाइमलाइनवर लाल मीडिया ऑफलाइन, आरतीचा व्हिडिओ त्या दिवशी गेलाच नाही.

आता एडिट पेजवर जा, वरच्या व्ह्यू मेनूत शो पॉवर बिन्स ऑन करा. मीडिया पूलमध्ये (प्रोजेक्टमध्ये आणलेल्या फाइल्स जिथे दिसतात तिथे) बाजूला पॉवर बिन्स असा नवा भाग दिसेल, त्यावर राइट क्लिक करून नवीन बिन बनवा, नाव द्या, आणि त्या पक्क्या फोल्डरमधल्या फाइल्स तिथे ओढा. झालं. आता त्याच प्रोजेक्ट लायब्ररीतला (रिझॉल्व्ह आपले प्रोजेक्ट जिथे साठवतो ती जागा, जुन्या व्हर्जनमध्ये यालाच डेटाबेस म्हणायचे) कुठलाही प्रोजेक्ट उघडा, बिन तिथे हजर. साधा बिन मात्र त्या एका प्रोजेक्टपुरताच असतो, हा फरक लक्षात ठेवा. फॉन्ट, रंग, साइज बसवलेलं टायटलसुद्धा टाइमलाइनवरून उचलून पॉवर बिनमध्ये टाकता येतं, पुढच्या वेळी ओढायचं आणि इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या क्लिपच्या सेटिंगच्या पॅनलमध्ये) फक्त मजकूर बदलायचा.

मराठी नावांचं मात्र नीट बघा. मानाच्या पाचही गणपतींच्या पट्ट्या करायच्या असतील तर तपासायला ‘तांबडी जोगेश्वरी’ घ्या, त्यातला श्व नीट जुळला तर फॉन्ट चालेल, नाहीतर श आणि व सुटे होऊन मध्ये हलन्त लोंबकळतो आणि आपल्या माणसांना ते लगेच खुपतं. फुटत असेल तर फॉन्टशी भांडत बसू नका, इंकस्केप या चित्रं काढायच्या फ्री सॉफ्टवेअरमध्ये पट्टी बनवून पीएनजी काढा, बॅकग्राउंड ट्रान्सपरंट ठेवून. आणि इथे माझी आवडती युक्ती: पीएनजी फक्त पट्टीएवढी कापू नका, पूर्ण १९२० बाय १०८० ची ठेवा, पट्टी त्यात जिथे हवी तिथे. मग टाइमलाइनवर टाकली की ती आपोआप त्याच जागी बसते, उंची जुळवायचा प्रश्नच नाही. कसबा, जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा अशा पाच फाइल्स एकदा केल्या की दरवर्षी त्याच. रील्ससाठी १०८० बाय १९२० चा वेगळा सेट लागेल.

एकदा बसवलेला कलर (ग्रेड) परत वापरायला वेगळी जागा आहे, तिला पॉवरग्रेड म्हणतात. कलर पेजवर गॅलरी उघडा, त्यात पॉवरग्रेडचा अल्बम निवडा, मग व्ह्यूअरवर राइट क्लिक करून ग्रॅब स्टिल. नेहमीच्या स्टिल्सच्या अल्बममध्ये घेतलात तर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये सापडणार नाही, म्हणून अल्बम आधी निवडायचा. नव्या क्लिपवर लावताना त्या स्टिलवर राइट क्लिक, अप्लाय ग्रेड. मंडपातल्या पिवळ्या लाइटसाठी एक आणि दुपारच्या मिरवणुकीसाठी एक असे दोन ठेवलेत तरी बरंच काम हलकं होतं, थोडं एक्स्पोजर इकडे तिकडे करावं लागतंच.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, पहिल्या मिनिटाला ठरवा. रिझॉल्व्ह नवीन प्रोजेक्ट २४ वर उघडतो, आपले मोबाइल बहुतेक ३० वर शूट करतात, आणि एकदा मीडिया आत आला की प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट बदलू देत नाही. म्हणून मी सेटिंग केलेला एक कोरा प्रोजेक्ट ठेवलाय, रोज तो उघडून सेव्ह प्रोजेक्ट ॲज करतो.

काम मित्राच्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तर नुसता प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून भागत नाही, त्यात व्हिडिओ, फोटो, गाणी काहीच जात नाही. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट प्रोजेक्ट अर्काइव्ह घ्या, त्यात मीडियासकट सगळं जातं. फॉन्ट मात्र वेगळे द्या, तिकडे इन्स्टॉल नसतील तर पट्टी दुसऱ्याच अक्षरात दिसेल. आणि प्रोजेक्ट मॅनेजरमधूनच लायब्ररीचा बॅकअप काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मी तो प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी आणि विसर्जन झाल्यावर असा दोनदा काढतो.