पोटनिवडणुकीचा निकाल कसा वाचावा

पोटनिवडणुकीत एखादा गाजावाजा न करणारा माजी आमदार निवडून आला, की कोणी त्याच्या साधेपणाला श्रेय देतो, तर कोणी लाटेला. दोन्ही निष्कर्ष काढण्यापूर्वी थोडी आकडेमोड करावी. ती कशी करावी, हे 2018 च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीवरून चांगले समजते. तिथे तुमसरचे भाजपचे माजी आमदार आणि नंतर राष्ट्रवादीत आलेले मधुकर कुकडे यांनी भाजपच्या हेमंत पटले यांचा 48,097 मतांनी पराभव केला होता.

प्रथम जागा का रिकामी झाली ते पाहावे. निधनामुळे झालेल्या निवडणुकीत सहानुभूतीचा हिशेब धरावा लागतो, राजीनाम्यामुळे झालेल्या निवडणुकीत नाराजीचा. येथे शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून नाना पटोले यांनी डिसेंबर 2017 मध्ये भाजपची खासदारकी सोडली होती आणि पुढे ते काँग्रेसमध्ये गेले. काँग्रेस व राष्ट्रवादी एकत्र लढल्या. धानाच्या पट्ट्यात या राजीनाम्याचे वजन किती होते, हे मुंबईत बसून ओळखणे कठीण होते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. मतांची टक्केवारी बाजूला ठेवून मागील सार्वत्रिक निवडणुकीतील प्रत्यक्ष मते नव्या मतांशेजारी लिहावीत. 2014 मध्ये पटोले यांना 6,06,129 मते होती आणि राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल 4,56,875 मते मिळवून 1,49,254 मतांनी हरले होते. 2018 मध्ये कुकडे यांना 4,42,213 आणि पटले यांना 3,94,116 मते मिळाली. म्हणजे जिंकलेल्या कुकडे यांची मते चार वर्षांपूर्वी हरलेल्या पटेल यांच्यापेक्षा 14,662 ने कमी आहेत, तर भाजपची मते 2,12,013 ने घटली आहेत. राष्ट्रवादीने मते वाढवून ही जागा जिंकली नाही. आपली मते बऱ्याच अंशी टिकवली आणि समोरची गळाली. भाजपची ती मते घरी बसली की पटोले यांच्यामागे राष्ट्रवादीकडे आली आणि राष्ट्रवादीची काही घरी बसली, हे एवढ्या बेरीज-वजाबाकीतून कळत नाही, म्हणून पुढे बूथपर्यंत जावे लागते.

त्यासाठी नमुना 20, म्हणजे मतदान केंद्रनिहाय मतांचा अधिकृत तक्ता, पाहावा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, पुढे प्रत्येक उमेदवाराचा स्तंभ, नोटा, आणि शेवटी टपाली मतांसह बेरीज. पाने अनेकदा आडवी किंवा तिरपी स्कॅन झालेली असतात, तेव्हा थोडी चिकाटी हवी. लोकसभेसाठी हे तक्ते विधानसभा मतदारसंघनिहाय असतात, म्हणून तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा आणि गोंदिया यांचे सहा तक्ते वेगळे मांडावेत. दोन निवडणुकांत केंद्रांचे क्रमांक बदललेले असू शकतात. तुलना शाळेच्या किंवा गावाच्या नावाने करावी. माजी आमदाराच्या व्यक्तिगत ताकदीची खरी परीक्षा त्याच्या जुन्या मतदारसंघात होते: तुमसरचा कल उरलेल्या पाच क्षेत्रांपेक्षा ठळकपणे वेगळा असेल तरच साधेपणाचे श्रेय मानावे.

मतदान कसे झाले तेही तपासावे. 28 मे रोजी विदर्भाच्या उन्हात व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी दाखवणारी) यंत्रे मोठ्या प्रमाणावर बिघडली आणि 49 केंद्रांवर 30 मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. मतमोजणी लगेच दुसऱ्या दिवशी झाली. मे महिना तेंदूपत्ता तोडणीचाही असतो, त्यामुळे कमी मतदान दिसले की त्याला लगेच राजकीय अर्थ लावू नये.

शेवटी, निकालावरून पुढचे भाकीत करायचे असेल तर पोटनिवडणुकीचे आकडे एकटे वापरू नयेत. 2019 मध्ये कुकडे उमेदवार नव्हते आणि भाजपचे सुनील मेंढे यांनी ती जागा परत घेतली.