रेवस ते तेरेखोल: दोघांचं सामान दोन सायकलींवर कसं बांधावं

दोघांनी लांब पल्ल्याला निघायचं ठरलं की पहिली चूक वजनकाट्यावर होते. सगळं सामान मोजलं, १६ किलो भरलं, म्हणजे आठ-आठ. कागदावर न्याय झाला. पण ५५ किलोच्या माणसाने आठ किलो चढावर नेणं वेगळं आणि ८० किलोच्या माणसाने नेणं वेगळं. तिसऱ्या दिवशी एक जण माथ्यावर झाडाखाली बसून वाट बघतो, दुसरा सायकल ढकलत घामाघूम वर येतो, आणि मग भांडण सामानावरून होत नाही, भलत्याच गोष्टीवरून होतं.

इथलं गणित कोकण किनाऱ्याच्या सागरी मार्गाचं धरलं आहे: रेवसपासून रेड्डीपर्यंत साधारण ५०० किलोमीटर, पुढे तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात. रोज ५० ते ६० किलोमीटर धरले तर नऊ-दहा दिवस. हा रस्ता नकाशावर समुद्राला चिकटून दिसतो म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी उतरतो, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो, पुन्हा खाडीपाशी उतरतो. चढ लांब नसतात, पण उभे असतात आणि दिवसभर येत राहतात. त्यामुळे पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांपेक्षा कमी असलेले बरे. हंगाम नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी.

तीन चादरी

निघण्याच्या आठवडाभर आधी घरात तीन चादरी अंथरा. एक त्याची, एक तिची, एक दोघांची. प्रत्येक वस्तू कुठल्या तरी एका चादरीवर गेलीच पाहिजे. कामाची चादर तिसरी, कारण वजन वाचतं ते तिथेच. दोघांत एक पुरतं: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, चेन तोडायचं हत्यार, मोठा मल्टिटूल, प्रथमोपचाराची पिशवी, तंबू, दोन्ही सायकली एकत्र बांधता येतील असं १८० सेंटिमीटरचं केबल कुलूप, आणि तीन तोंडांचा ६५ वॉटचा एक चार्जर. घरगुती निवासात खोलीत प्लग एकच असतो, तोही पंख्याच्या बटणाशेजारी, म्हणून दोन चार्जर नेऊन उपयोग नाही.

पण काही गोष्टींची वाटणी कधीही करायची नाही. पाणी, ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पुढचा-मागचा दिवा, रोख पैसे, ओआरएस, स्वतःची औषधं आणि फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा प्रत्येक सायकलवर वेगळा हवा. उतारावर दोघांत दोन-तीन किलोमीटरचं अंतर सहज पडतं. पुढचा खाडीवर फेरीबोटीच्या रांगेत उभा, मागच्याचं चाक सड्यावर बसलेलं, पंप पुढच्याकडे आणि दोघांच्याही फोनला रेंज नाही. ९० ग्रॅमचा दुसरा पंप नाकारण्याची किंमत ही असते. सिमही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा. रेंज नसली की यूपीआय चालत नाही, त्यामुळे दोघांकडे सुट्या नोटा हव्यात.

यादी करताना वस्तूपुढे नाव आणि पिशवी दोन्ही लिहा: ‘क्रेप बँडेज – ती – फ्रेम बॅग (फ्रेमच्या त्रिकोणातली पिशवी), उजवी बाजू.’ नाहीतर ‘मला वाटलं तू घेतलंस’ हे वाक्य दिघीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर ऐकायला मिळतं.

आता दोघांच्या चादरीवरचं सामान कोणी न्यायचं? नियम सोपा: चढाच्या माथ्यावर जो थांबतो, त्याच्याकडे वजन सरकतं. एका वेळी एकच किलो सरकवायचा, कारण दोन-तीन किलो एकदम हलवले की सायकलचा तोल बदलतो आणि ज्याच्यावर आले त्याचे गुडघे बोलायला लागतात. यासाठी दोघांच्या सामानातलं जड पण आटोपशीर असं एक किलोपर्यंतचं काहीतरी पाच लिटरच्या एका ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) वेगळं ठेवा आणि ती बॅग बसेल अशी केज, म्हणजे पिशवी बांधायची चौकट, दोन्ही सायकलींच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) एकाच बाजूला लावा. ही फिरती पिशवी. ज्याला रात्री झोप लागली नाही, पोट बिघडलं आहे किंवा पाळी आली आहे, त्याच्या सायकलवरून ती सकाळी दोन पट्टे सोडून दुसऱ्या सायकलवर जाते. चर्चा लागत नाही. अशा केजवर तीन किलोच्या वर काही बांधू नका, आणि फोर्कवर आधीपासून भोकं नसतील तर केज लावण्याचा नादच सोडा. कार्बन फोर्कला जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची धातूची पट्टी) आवळणं म्हणजे संकटाला आवतण.

लहान फ्रेमचा प्रश्न

जोडीतल्या उंचीने कमी असणाऱ्या माणसाची फ्रेम लहान असते, आणि बाजारातल्या बहुतेक पिशव्या मध्यम फ्रेमच्या मापाने शिवलेल्या असतात. विकत घेण्याआधी दोन मापं घ्या. सीटवर माणूस बसवून सीटच्या दांड्यांपासून मागच्या टायरपर्यंतचं उभं अंतर मोजा. २० सेंटिमीटरच्या आत असेल तर १४ लिटरची सॅडल बॅग (सीटमागे बांधायची पिशवी) भरल्यावर खाली लोंबून टायरला घासणार, आणि ते कळणार पिशवीला भोक पडल्यावर. अशा सायकलला मागे छोटं कॅरिअर आणि त्यावर आठ-दहा लिटरची ड्राय बॅग आडवी बांधा. फॅशनमध्ये बसत नाही, पण काम चोख होतं.

दुसरं माप हँडलचं. ड्रॉप (टोकांना खाली वळलेलं) हँडल ३८ सेंटिमीटरचं असेल तर ब्रेकच्या मुठींमध्ये जेमतेम ३२-३४ सेंटिमीटर जागा उरते. बऱ्याच तंबूंचे खांब घडी घातल्यावर ४०-४५ सेंटिमीटर भरतात, म्हणजे ते तिथे बसणारच नाहीत. सरळ हँडलवाल्याच्या पुढच्या रोलमध्ये, म्हणजे हँडलला आडव्या बांधलेल्या वळकटीत, तंबू आणि खांब जाऊ द्या. ड्रॉप हँडलवाल्याने पुढे कपडे घ्यावेत, कारण ते हव्या त्या आकारात दाबता येतात.

काय कुठे

जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात, जितकी खाली तितकी बरी: हत्यारं, सुटे भाग, पॉवर बँक, दोन लिटर पाणी. पुढच्या रोलमध्ये मऊ आणि हलकं, तीन किलोच्या आत. जास्त झालं की उतारावर हँडल थरथरतं. रोल बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ब्रेकची नळी किंवा गिअरची केबल रोलखाली दुमडली गेली तर दोन दिवसांत गिअर चुकायला लागतो आणि माणूस उगाच मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) पिळत बसतो.

सॅडल बॅगची शेपटी हलते म्हणून लोक पट्टे आवळत सुटतात. दोष बहुतेक वेळा भरण्यात असतो. तिच्या नाकाशी, म्हणजे सीटपोस्टच्या बाजूला, घट्ट आणि त्यातल्या त्यात जड काहीतरी ठोसून भरा (गुंडाळलेलं रेन जॅकेट उत्तम), शेवटाला हलकं, आणि तोंड वळताना आतली हवा पूर्ण काढा. मागचा दिवा या पिशवीमागे झाकला जातो. तो सीटस्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांडीवर) लावा आणि दहा पावलं मागे जाऊन दिसतो का ते बघा.

एक गोष्ट कोकणात हमखास होते. जांभ्याची लाल धूळ पट्ट्याखाली शिरते आणि पॉलिश पेपरसारखी रंग खाते. जिथे जिथे पट्टा फ्रेमला टेकतो तिथे निघण्याआधी पारदर्शक संरक्षक टेप लावा. नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर इन्सुलेशन टेप मारा.

सुटे भाग: एकसारखेपणात बचत

शक्य असेल तर दोन्ही सायकलींना टायरचा आकार आणि व्हॉल्व्ह एकच ठेवा. ७०० सीच्या आणि २९ इंची टायरची रिम एकाच व्यासाची, ६२२ मिलिमीटरची असते. त्यामुळे जाडी जवळपास असेल तर ट्यूब एकमेकांना चालते. मग प्रत्येकी एक आणि सामायिक एक, अशा तीन ट्यूब पुरतात. पॅचच्या डब्यातलं सोल्यूशन कोरं, न उघडलेलं घ्या. एकदा उघडलेली नळी महिन्याभरात आत सुकते, आणि बाहेरून दाबून ते कळत नाही. व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर प्रत्येकाकडे एक. त्याच्याशिवाय गावातल्या दुकानाचा पंप तुमच्या चाकाला लागणार नाही. टायर उभा फाटला तर आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा धुतलेला, कडा गोल केलेला तुकडा नोटेच्या घडीपेक्षा टिकतो.

जे एकसारखं असू शकत नाही, ते मात्र प्रत्येकाचं वेगळं न्यावं लागतं. डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) त्या त्या फ्रेमचाच बसतो. तो २० ग्रॅमचा तुकडा वाकला, मोडला तर वाटेत कुठे मिळणार नाही. क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) चेनच्या स्पीडप्रमाणे, म्हणजे मागे किती चक्रं त्यावर: नऊ स्पीडची अकराला चालत नाही. डिस्क ब्रेकचे पॅड दोन कंपन्यांचे असतील तर दोन जोड्या. बाकी सामायिक पिशवीत गिअरची एक केबल, एम-५ चे चार बोल्ट, आठ-दहा झिप टाय, टी-२५ असलेला मल्टिटूल, आणि ५० मिलिलिटर तेल. खारी हवा आणि फेरीवरचे पाण्याचे शिंतोडे यांनी चेन एका रात्रीत तांबूस होते. संध्याकाळी फडक्याने कोरडी पुसून, प्रत्येक कडीच्या सांध्यावर एक थेंब देऊन, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. न पुसलेलं तेल लाल धुळीची लापशी करतं.

झोप, कपडे, अंग

तंबू न्यायचाच असेल तर स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा घ्या, दोघांसाठी दोन किलोच्या आसपासचा. सड्यावर कातळ असतो, खुंटी आत जात नाही; पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ती जाते पण राहत नाही. वाळूसाठी चार जुन्या कापडी पिशव्या ठेवा: वाळूने भरायच्या, दोरी बांधायची, वीतभर खोल पुरायच्या. नारळाखाली तंबू लावू नका, सावली कितीही चांगली असली तरी. खरं सांगायचं तर या मार्गावर घरगुती निवास इतके आहेत की तंबू, मॅट, स्टोव्ह घरी ठेवून माणशी तीन किलो वाचवणंच शहाणपणाचं. मग अंगावरचं आणि पाणी सोडून प्रत्येकी पाच-सहा किलोत काम भागतं. स्लीपिंग बॅग नकोच. शिवलेली सुती चादर आणि एक पातळ शाल पुरते.

सायकलवरच्या कपड्यांचे दोन जोड, एक अंगावर, एक वाळत. संध्याकाळचा एक. टॉवेलऐवजी पंचा: वजनाला काही नाही, तासाभरात वाळतो, दुपारी ओला करून मानेवर टाकता येतो. चार मीटर नायलॉनची दोरी. पॅडच्या शॉर्टखाली चड्डी घालायची नाही. मांडीला खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावायची. ओली शॉर्ट दुसऱ्या दिवशी चढवली की फोड येणार हे ठरलेलं, म्हणून न वाळलेली शॉर्ट सॅडल बॅगवर बांधून उन्हात चालवा. पाळीची तारीख जवळ नसली तरी सोय सोबत असू द्या. श्रमाने तारखा पुढेमागे होतात. वापरलेलं ठेवायला घट्ट तोंडाची वेगळी पिशवी लागते.

पायात नुसते क्लीटचे (पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीचे) बूट असतील तर जपून. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर शेवाळ उघडं पडतं आणि धातूचं क्लीट त्यावर बर्फावरसारखं घसरतं, वर हातात २० किलोची सायकल. सपाट पेडल आणि पट्ट्यांचे सँडल या मार्गाला जास्त सोयीचे.

पाणी आणि खाणं

माणशी तीन लिटर पाण्याची सोय ठेवा, पण सकाळी सगळं भरून निघायची गरज नाही. गाव दहा किलोमीटरवर असेल तर दीड लिटर पुरे. लांब सडा समोर असेल तेव्हाच पूर्ण भरा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की तहान भागण्याऐवजी वाढते.

गुळाची चिकी उन्हात पिशवीच्या अस्तराला चिकटते. हँडलजवळच्या पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या, खजूर, खारे शेंगदाणे ठेवा, दोघांकडे वेगवेगळे. दुपारी तीननंतर खानावळी बंद सापडतात, आणि निवासात रात्रीचं जेवण सकाळीच फोन करून सांगावं लागतं. एका वेळची सोय म्हणून पाव किलो भडंग असू द्या.

पॉवर बँक प्रत्येकी १०,००० एमएएचची. एकच मोठी घेतली तर ती नेमकी दुसऱ्याच्या सायकलवर असते. छापील आकड्यातले साधारण ६,००० ते ६,५०० फोनपर्यंत पोचतात, म्हणजे सव्वा चार्ज.

फेरी, गाडी आणि चाचणी

वाटेत फेरीबोटी लागतात त्या या: आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, आणि शेवटी तेरेखोल–केरी. फेरीवर सायकल कठड्याला टेकवून दोन पट्ट्यांनी बांधा, चेनची बाजू आत ठेवून. दोघांसाठी प्रत्येकी एक पातळ नायलॉनची मोठी बाजाराची पिशवी घडी करून ठेवा. मुक्कामाला जिने असतात, आणि परतीला रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) सायकल बुक करताना सगळ्या पिशव्या काढाव्या लागतात. सहा सुट्या बोचक्यांपेक्षा प्रत्येकी एक पिशवी सांभाळणं सोपं. मडगावसारखं गाडी नीट थांबणारं स्टेशन निवडा. दोन मिनिटांच्या थांब्यात दोन सायकली चढत नाहीत.

सगळं बांधून झालं की दोन चाचण्या. प्रत्येकाने आपली भरलेली सायकल एकट्याने दहा पायऱ्या वर न्यायची. जमली नाही तर पुन्हा चादरीवर. मग २५ किलोमीटरची रपेट, वाटेत एक उभा चढ आणि एक खडबडीत उतार हवा. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा पाचेक पीएसआय जास्त हवा. पहिल्या पाच किलोमीटरला थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा: कपडे दबतात, हवा निघते, पट्टे सैल होतात. प्रत्येकाने दुसऱ्याची सायकल तपासायची. स्वतःच्या पिशवीची शेपटी स्वतःला दिसत नाही.