अंगावर पाजताना अ‍ॅलर्जीचा त्रास: या चुका टाळा

सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, चोळून चोळून लाल झालेले डोळे, गच्च नाक आणि मांडीवर भुकेलं बाळ. अशा वेळी काही जणी ‘दूध पाजतेय, औषध नको’ म्हणून महिनोन्‌महिने सोसत राहतात, तर काही घरात पडलेली सर्दीची गोळी घेऊन मोकळ्या होतात. यातली दुसरी चूक जास्त त्रासाची, म्हणून आधी तिच्याबद्दल.

सर्दीच्या गोळीत एकच औषध क्वचितच असतं. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फिनाइलएफ्रिन (नाक मोकळं करणारं औषध) असं त्रिकूट बऱ्याचदा दिसेल. ताप नाही, अंग दुखत नाही, तर पॅरासिटामॉल कशासाठी? क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीवरचं जुन्या पिढीतलं औषध. त्याने आईला गुंगी येते, आणि वारंवार किंवा जास्त घेतलं तर बाळही सुस्तावू शकतं, किरकिर करू शकतं, नीट ओढत नाही. बाळ अगदी तान्हं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर जास्तच जपायला हवं. आणि पेंगुळलेल्या आईने बाळाला कुशीत घेऊन झोपणं धोक्याचं आहे, हे घरातल्या इतरांनाही माहीत असावं.

स्ट्रिपवर सूडोएफेड्रिन (हेही नाक मोकळं करणारं औषध) दिसलं तर ती गोळी बाजूला ठेवा. एका छोट्या अभ्यासात 60 मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर 24 तासांतलं दूध जवळपास पाव हिश्शाने कमी झालेलं आढळलं. दूध अचानक का आटलं म्हणून काळजीत पडलेल्या आईला गेल्या दोन दिवसांत कुठली गोळी घेतली हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर तोच पहिला प्रश्न हवा.

मग घ्यायचं काय? सेटिरिझिन किंवा लोराटाडिन, ही अ‍ॅलर्जीवरची नव्या पिढीतली औषधं. दुधात फार थोडी उतरतात, गुंगी कमी आणतात (सेटिरिझिनने काहींना येते), आणि स्तनपानाच्या काळात डॉक्टर बहुधा हीच सुचवतात. मात्र एकच औषध असलेली गोळी मागा. आधीपासून जोडगोळी चालू असेल तर त्यातलं दुसरं औषध खरंच लागतंय का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी घेतली म्हणून दूध काढून फेकायची गरज नाही. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय किंवा कमी पितंय असं वाटलं तर मात्र डॉक्टरांना कळवा.

त्रास मुख्यतः नाकाचाच असेल तर गोळीपेक्षा स्टिरॉइडचा स्प्रे सरस, असं माझं मत. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की धसका बसतो, पण फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारखे स्प्रे रक्तात अगदी नगण्य उतरतात. खरी गोची वेगळीच: दोन दिवस मारून ‘काही फरक नाही’ म्हणत सोडून देणं. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. मान किंचित खाली, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने, आणि जोरात ओढायचं नाही. घशात कडू लागलं तर औषध गिळलं गेलं असं समजा.

नाक झटकन मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंब हे वेगळं प्रकरण. तीन-चार दिवसांपलीकडे वापरले तर औषधाचा असर ओसरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि बाटली सुटत नाही. नाक धुवायला मिठाचं पाणी उत्तम, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं नको. डोळ्यांसाठीचे वेगळे थेंब डोळ्यांत टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध शरीरात कमी जातं.

‘तुझी अ‍ॅलर्जी दुधातून बाळाला लागेल’ हे कुणी म्हटलं तर सोडून द्या. अ‍ॅलर्जीचा कल आनुवंशिक असतो, पण ती दुधातून लागत नाही. वनस्पतींचे अर्क आणि काढे मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून बिनधास्त घेऊ नका, त्यांची दुधातली मात्रा बहुतेक वेळा कुणी मोजलेलीच नसते.

दम्याचा इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर स्तनपानाचा विचार करत थांबू नका. अ‍ॅड्रिनालिनचं इंजेक्शन जवळ असेल तर लगेच घ्या आणि तातडीची मदत बोलवा. बरं वाटलं तरी काही तास डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावं लागतं, कारण लक्षणं परत येऊ शकतात.