स्वस्त पिक्सहॉक क्लोन घ्यावा का?

पिक्सहॉक म्हणजे ड्रोन किंवा छोटं विमान हवेत सांभाळणारा कंट्रोलर बोर्ड; क्लोन म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेली त्याची नक्कल. पिक्सहॉकचा आराखडा खुला आहे, त्यामुळे नक्कल बेकायदेशीर नाही. प्रश्न दर्जाचा आहे. क्लोनवर कधी कधी एसटीएम३२ या मुख्य प्रोसेसर चिपची जुनी आवृत्ती असते. तिच्यातल्या दोषामुळे २ एमबीपैकी १ एमबी फ्लॅशच (प्रोग्रॅम साठवायची जागा) वापरता येते आणि आर्डुपायलट या उड्डाण सॉफ्टवेअरचं पूर्ण फर्मवेअर मावत नाही.

क्लोन घेतलाच, तर ड्रोनचे पंखे (प्रोपेलर) काढून ठेवून बोर्ड तपासा. बोर्ड यूएसबीने संगणकाला जोडा, मिशन प्लॅनर या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे सेन्सर दिसतात का पाहा. मग पॉवर मॉड्यूल (बॅटरीतून बोर्डला वीज देणारा भाग) जोडण्याआधी त्याचं आउटपुट मल्टिमीटरने मोजा: ५ व्होल्टच्या आसपास, ५.४ च्या वर अजिबात नको. बोर्ड अर्धा तास टेबलावर चालू ठेवा. उंचीचा आकडा थोडा सरकतोच, पण सतत एकाच दिशेने वाहत गेला तर बॅरोमीटरवर (हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर) विसंबू नका.

गोव्यात खरा शत्रू खारी, दमट हवा. मिरामारच्या किनाऱ्यावर उडवायचं असेल तर बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून वाचवणारा पातळ थर) लावाच. मात्र बॅरोमीटरचं छिद्र, यूएसबी आणि कनेक्टर आधी टेपने झाका. छिद्र बुजलं की उंची चुकते.

शिकायला, छोट्या फोमच्या विमानाला क्लोन चालेल. महागडा कॅमेरा टांगणार असाल, तर होलीब्रो किंवा क्यूबपायलट या कंपन्यांचाच बोर्ड घ्या: कोणती पिन कशाची याचा नकाशा मिळतो, प्रश्नाला उत्तर मिळतं. बिल जपून ठेवा. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा बघा, गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत.