तीन भाड्याचे फ्लॅट आणि धंद्याची जोखीम : माझा अनुभव

पुण्यातले तिन्ही फ्लॅट माझ्या नावावर, आणि वर्कशॉपही माझ्याच प्रोप्रायटरशिपवर, म्हणजे एकट्याच्या मालकीचं, धंदा आणि मालक कायद्याने एकच. म्हणजे उद्या धंद्याचं देणं थकलं, तर वसुली थेट घरांवर. सगळ्यांनी सुचवलं, फ्लॅट एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेत) टाक. पण तसं केलं तर मुद्रांक शुल्क आणि भांडवली नफ्यावरचा कर, दोन्हींचा विचार करावा लागतो. आमच्या सीएंनी उलटं सांगितलं : जोखीम धंद्यात आहे, तर धंदाच एलएलपीत न्या. ते मला पटलं.

मग दोन फ्लॅट बायकोला बक्षीसपत्राने दिले. महाराष्ट्रात पती-पत्नी, मुलं, नातवंडांना निवासी घर (भाड्याने दिलेलंही) बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. दुय्यम निबंधकांकडे दोघांचे अंगठे, फोटो, दोन साक्षीदार. मग इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) घेऊन सोसायटीत भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) तिचं नाव चढवलं. भाडं मात्र करासाठी माझ्याच उत्पन्नात धरलं जातं, कर वाचत नाही.

वेळ महत्त्वाची. धंद्याच्या कर्जासाठी बँकेच्या वैयक्तिक हमीपत्रावर सही करण्याआधी हे उरकलं आणि बँकेलाही कळवलं. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ नुसार रद्द होऊ शकतं.

भाडेकरार बायकोच्या नावाने नव्याने नोंदवले. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं, म्हणून हे काम अजिबात टाळू नका.