नाताळची आवराआवर: या चुका टाळा, म्हणजे २४ तारखेची रात्र मोकळी मिळेल

वसईच्या ख्रिस्ती घराघरांत डिसेंबरमध्ये एकच चित्र दिसतं. पोटमाळ्यावरचं सामान हॉलमध्ये, हॉलमधले पडदे बादलीत, गॅसवर तेल तापतंय आणि नाताळगोठ्याचा (येशूजन्माच्या देखाव्याचा) खोका अजून सापडलेला नाही. घरातली बाई पहाटे पाचपासून उभी असते, तरी २४ तारखेच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) धावतपळतच पोचते. ती कामात कमी पडते म्हणून असं होत नाही, कामांचा क्रम चुकतो म्हणून होतं. आधी घर रिकामं करायचं, मग स्वच्छ करायचं, मग तळण. ही तिन्ही कामं एकमेकांत शिरली की प्रत्येक काम दोनदा करावं लागतं.

आवराआवर डिसेंबरच्या मध्यावर सुरू करणं

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. कपाटं, पोटमाळा, पलंगाखालचे खोके हे सगळं त्या रविवारच्या आत उरकायचं. फारच उशीर झाला तर ८ डिसेंबरचा निष्कलंक मातेचा सण ही शेवटची मुदत समजा. त्यानंतर एकही बंद कपाट उघडू नका. जे राहिलं ते जानेवारीत. १५ तारखेनंतर उपसलेलं कपाट पुन्हा नीट लागत नाही, घाईत कोंबलं जातं आणि पसारा फक्त जागा बदलतो.

झाडलोट वरून खाली: आधी पोटमाळा, मग पंखे आणि जळमटं, मग कपाटं, शेवटी पडदे आणि फरशी. पडदे आधी धुतले की पंख्यांची धूळ त्यांच्यावरच बसते. एका दिवसाला एकच खोली घ्या आणि ती पूर्ण करूनच दुसरीला हात लावा. भिंतींना रंग द्यायचा असेल तर पावसाळ्यातली ओल सुकली आहे का ते आधी बघा. ओलसर भिंतीवर दिलेला रंग नाताळच्या आतच फुगतो आणि पोपडे निघतात.

द्यायचे कपडे ही दुसरी अडचण. पिशवी भरली जाते, दारामागे ठेवली जाते आणि आठवडाभरात निम्मे कपडे परत कपाटात जातात. पिशवी त्याच आठवड्यात घराबाहेर गेली पाहिजे. चर्चमधल्या, गरिबांना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेकडे किंवा ओळखीच्या कुटुंबाकडे द्यायचं असेल तर १० डिसेंबरच्या आत द्या, म्हणजे ते कपडे सणाला अंगावर येतील. धुऊन, इस्त्री करून, तुटलेली बटणं लावून द्या. फाटलेलं आणि डागाळलेलं कुणाला देऊ नका, त्याची फडकी करा. नाताळचं दान म्हणून नको असलेलं पुढे ढकलणं बरोबर नाही.

आल्तारवरच्या (घरातल्या देव्हाऱ्यावरच्या) वस्तू कचऱ्यात टाकणं

आवरताना सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तुटलेली रोझरी (जपमाळ), फुटलेली मूर्ती, रंग उडालेली तसबीर, काचेच्या बाटलीत तळाशी उरलेलं पवित्र पाणी, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणून खिळ्याला अडकवलेल्या तीन-चार वर्षांच्या झावळ्या. काही जणी भीतीपोटी काहीच काढत नाहीत आणि आल्तार गच्च भरून जातो. काही जणी सगळं एका पिशवीत घालून ओल्या कचऱ्यात देतात. दोन्ही चूक.

आशीर्वादित वस्तू वापरण्याजोगी राहिली नाही की ती जाळावी किंवा पुरावी, हा चर्चचा जुना प्रघात आहे. लाकूड, कागद, कापड जाळा आणि राख झाडाच्या मुळाशी घाला. माती, प्लास्टर आणि धातूच्या वस्तू पाय पडणार नाही अशा कोपऱ्यात पुरा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर फादरना किंवा चर्चच्या ऑफिसात विचारा, बऱ्याच ठिकाणी अशा वस्तू जमा करून घेतात. जुनं पवित्र पाणी मोरीत ओतू नका, कुंडीत घाला. झावळ्या मात्र आत्ता जाळू नका. एका कागदी पिशवीत बांधून ठेवा आणि राखेच्या बुधवारच्या (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधी चर्चमध्ये परत द्या, त्या दिवशी कपाळावर लावायची राख त्यांचीच होते. रोझरीची नुसती साखळी तुटली असेल तर ती टाकायची वस्तूच नाही. पातळ तार आणि बारीक पक्कड घेतली की कडी पाच मिनिटांत जोडता येते.

गोठा: ओल, पेंढा आणि पिवळं गवत

पहिला गोठा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात मांडला, त्यात खरा बैल, खरं गाढव आणि खरा पेंढा होता. आपल्या घरातल्या गोठ्यात आता वायर आणि बल्बही असतात, म्हणून पेंढ्याची काळजी जास्त घ्यायची. पेंढा मांडण्याआधी दोन दिवस कडक उन्हात टाका, म्हणजे किडे आणि दमटपणा जातो. बल्ब पेंढ्याला टेकू देऊ नका आणि गोठ्याच्या आत मेणबत्ती कधीच लावू नका. पणतीचा हट्ट असेल तर ती गोठ्याबाहेर, हातभर लांब.

पावसाळ्यात खोक्यात पडून राहिलेल्या प्लास्टरच्या मूर्तींवर काळे ठिपके येतात. त्या धुऊ नका. पाणी लागलं की प्लास्टर मऊ पडतं आणि रंग उतरतो. तासभर उन्हात ठेवून रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने झटका. बैलाचा कान किंवा मेंढपाळाचा हात तुटला असेल तर फेव्हिकॉल लावून रबराने बांधा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. सांधा वाळल्यावर पोस्टर कलरचा एक ठिपका पुरतो.

गोठ्याभोवती हिरवळ हवी असेल तर बिया कधी पेरायच्या यावर सगळं अवलंबून असतं. १ डिसेंबरला पेरलेले गहू २४ तारखेपर्यंत पिवळे पडून आडवे होतात. गहू ८ ते १० तास भिजवा, ओल्या फडक्यात एक दिवस बांधून मोड आणा आणि १४ किंवा १५ डिसेंबरला पेरा. नाचणी सावकाश वाढते, ती १० ते १२ तारखेला. ट्रेला खाली भोकं हवीत. दीड इंच माती पुरते. बिया दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि पहिले दोन दिवस ओलं गोणपाट झाकून अंधारात ठेवा. नंतर उजेडात. पाणी तांब्याने ओतू नका, सकाळ-संध्याकाळ शिंपडा. पांढरी बुरशी दिसली तर पाणी जास्त झालंय: एक दिवस पाणी बंद, पंख्याची हवा द्या. २० तारखेला गवत बोटभरच असेल तर ट्रे दुपारच्या उन्हात ठेवा. फार वाढलं तर कात्रीने सरळ कापा, दोन दिवसांत टोकं पुन्हा हिरवी दिसतात.

बाळ येशूची मूर्ती मात्र गव्हाणीत २४ च्या रात्रीच ठेवायची. तोवर ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा, पण तुमच्या लक्षात राहील अशाच ठिकाणी ठेवा. ऐन वेळी मूर्ती न सापडणं ही दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी होणारी गोष्ट आहे.

दिव्यांची माळ अर्धीच लागते

माळ टांगायच्या आधी जमिनीवर पसरून लावून बघा. अर्धी लागत असेल तर त्या भागातले दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि मध्ये कुठेतरी जोड सुटलेला असतो. प्लग काढा. विझलेल्या भागातला प्रत्येक दिवा हलक्या हाताने खोबणीत दाबा, पाय गंजलेला दिवा बदला. त्यानेही नाही लागली तर प्लगजवळची वायर बघा. दरवर्षी मुडपून तिथेच ती आतून तुटते. वायरचं आवरण तडकलं असेल तर टेप गुंडाळत बसू नका, माळ टाकून द्या. डिसेंबरात पहाटे दव पडतं, म्हणून बाहेरच्या माळेचा प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड घराच्या आतच ठेवा.

कागदी ताऱ्यात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब घालू नका, कागद आधी तपकिरी होतो आणि मग पेटू शकतो. ५ ते ९ वॅटचा एलईडी पुरेसा आहे, तोही बरोबर मध्यभागी लटकलेला, कागदापासून लांब.

केक आणि कुलकुल कुठे बिघडतात

केकसाठी सुका मेवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भिजला पाहिजे. ५०० ग्रॅम काळे मनुके, बेदाणे, खजूर आणि संत्र्याची साल यांना २०० ते २५० मिली रम लागते. काचेची बरणी घ्या आणि आठवड्यातून एकदा ढवळा. काजू-बदाम यात घालू नका, ते लिबलिबीत होतात. ते केकच्या दिवशीच घालायचे. भिजवायचं राहून गेलं असेल तर मेवा संत्र्याच्या रसात मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं उकळून रात्रभर ठेवा. हा केक मात्र फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा.

कॅरॅमलसाठी १५० ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात. रंग कडक कोऱ्या चहासारखा झाला की गॅस बंद करा आणि लांबून, थोडं थोडं करत १०० मिली गरम पाणी घाला. थंड पाणी घातलं की ते अंगावर उडतं आणि साखरेचा दगड होतो. झालाच तर मंद आचेवर विरघळू द्या, ती साखर वाया जात नाही. काळा धूर निघाला असेल तर मात्र ओतून द्या. तो कडवटपणा पूर्ण केकमध्ये उतरतो. कॅरॅमल कोमट असतानाच मिश्रणात घातलं तर लोणी वितळतं, मिश्रण पातळ होतं आणि मेवा तळाशी बसतो. मेवा बसायचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पूर्ण गार होऊ द्या, मेवा दोन तास चाळणीत निथळा आणि दोन चमचे मैद्यात घोळवा.

२५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम लोणी, २५० ग्रॅम साखर आणि ५ अंड्यांचा केक ८ इंची डब्यात १५० अंशांवर पावणेदोन तासांच्या आसपास घेतो. वरचा भाग लवकर फुटला तर ओव्हन जास्त तापलेला आहे. तासाभराने वरून फॉइल झाका. गार झाल्यावर आधी बटर पेपर, मग फॉइल. नुसती फॉइल मेव्याच्या आंबटपणाने खराब होते.

कुलकुल, म्हणजे काट्यावर गुंडाळून तळलेला नाताळचा गोड फराळ, ५०० ग्रॅम मैद्याचे असतील तर २ अंडी, १०० ग्रॅम पिठीसाखर, चार चमचे तुपाचं कडक मोहन आणि लागेल तसं नारळाचं घट्ट दूध. मोहन जास्त झालं तर कुलकुल तेलात विरघळतात, कमी झालं तर दाताला लागतात. म्हणून आधी दोनच तळून बघा. विरघळले तर पिठात मूठभर मैदा मळा, कडक झाले तर चमचाभर तूप. काट्यावर गुंडाळून झाल्यावर शेवटची कड अंगठ्याने नीट दाबली नाही तर ते कढईत उलगडतात. तेल मध्यम हवं: पिठाची गोळी टाकल्यावर तळाशी जाऊन सावकाश वर आली पाहिजे. लगेच वर आली तर बाहेरून लाल आणि आतून कच्चे राहतील. वरून साखर चढवायची असेल तर पाक दोनतारी करा, एकतारी पाकाने ते डब्यात चिकटून ढेकूळ होतं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, चार तास तरी थांबा.

नेवऱ्यांचं (करंज्यांचं) एकच: ओलं खोबरं कढईत पूर्ण कोरडं होईपर्यंत परतलं नाही तर त्या तेलात फुटतात आणि चार दिवसांत वास येतो.

शेजारी ताटं पाठवताना अंडं आणि रम कशात आहे ते सांगूनच द्या. डिसेंबरातला गुरुवार मार्गशीर्षातला असेल तर काही घरी उपास असतो, त्यांचं ताट दुसऱ्या दिवशी पाठवा. बिनअंड्याच्या कुलकुलांचा घाणा आधी तळा, नंतर बाकीचे.

शेवटच्या दोन दिवसांतल्या गडबडी

सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) २२ लाच करा. व्हिनेगर आणि मसाला मुरायला दोन दिवस लागतातच. गरम करताना पूर्ण उकळी येऊ द्या आणि गार झालं की लगेच फ्रीजमध्ये. त्यासाठी २० तारखेला फ्रीज रिकामा केलेला हवा. ठासून भरलेल्या फ्रीजमध्ये हवा खेळत नाही आणि आतलं थंड राहत नाही.

पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) २४ वर ढकलू नका, लांब रांग असते. १६ तारखेला नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होतो, त्या दिवसांतच उरकून घ्या. कम्युनियनच्या (मिस्सात पवित्र भाकर घेण्याच्या) आधी एक तास पाण्याशिवाय काही खायचं नसतं, हे तळणाची चव घेता घेता हमखास विसरलं जातं. २४ ला संध्याकाळपासून चव बघायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या.

आणि गोठा २६ तारखेला आवरायला घेऊ नका. नाताळचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, साधारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. तीन राजे तर अजून गव्हाणीशी पोचायचे असतात. काढाल तेव्हा मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो आणि शाई प्लास्टरला लागते. जुन्या सुती साडीचे तुकडे घ्या. माळ हाताभोवती न गुंडाळता पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा आणि किती दिवे बदलायचे आहेत ते त्याच पुठ्ठ्यावर पेनने लिहा. खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, बाहेर मोठ्या अक्षरात ‘गोठा’ लिहा आणि पोटमाळ्यावर सगळ्यात पुढे ठेवा. बाळ येशू त्याच खोक्यात, स्वतःच्या छोट्या डबीत.